पंधरा मिनिटांचे शिखर, बावीस वर्षांची शाळा

घोटी (जि. नाशिक) : मुंबई-आग्रा महामार्गावरील घोटी हे गाव सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. रेल्वेने वा एसटीने येथे उतरायचे, भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने बारी गाव गाठायचे आणि लोखंडी शिड्यांच्या आधाराने १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर चढायचे, असा अनेकांचा रिवाज. नवरात्रात तर देवीच्या दर्शनासाठी आबालवृद्धांची रीघ लागते. महाराष्ट्राचा हा सर्वोच्च माथा गाठला की तरुणांच्या मनात पुढचा विचार येतो तो हिमालयाचा. पण कळसूबाईवरून थेट हिमनदीवर पाऊल टाकता येत नाही. मधली पायरी कोणती, हे ज्यांनी भारतातील नवशिक्या गिर्यारोहकांना प्रत्यक्ष शिकवले, ते तेनझिंग नोर्गे. एव्हरेस्टवीर म्हणून त्यांना सारे जग ओळखते. मोहीम आखणारा सरदार आणि नवशिक्यांचा गुरू ही त्यांची ओळख मात्र तुलनेने मागे पडली आहे.

हमाल ते सरदार

तेनझिंग यांचा जन्म १९१४ चा मानला जातो. नेमकी तारीख त्यांनाही ठाऊक नव्हती. पुढे २९ मे हाच दिवस त्यांनी वाढदिवस म्हणून स्वीकारला. याक पाळणाऱ्या शेर्पा कुटुंबातील तेरा भावंडांपैकी ते अकरावे. नामग्याल वांगदी हे त्यांचे मूळ नाव रोंगबुक मठाच्या प्रमुख लामांच्या सल्ल्याने बदलण्यात आले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. लिहिता-वाचता येत नसले तरी अनेक भाषा मात्र ते बोलत.

गिर्यारोहण मोहिमांवर काम मिळावे म्हणून ते १९३२ मध्ये दार्जिलिंगला आले. १९३३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत त्यांची निवड झाली नाही. १९३५ मध्ये एरिक शिप्टन यांनी त्यांना हमाल म्हणून घेतले आणि एव्हरेस्टच्या वाटेवर त्यांचे पहिले पाऊल पडले. त्यानंतर १९३६ आणि १९३८ च्या मोहिमांतही ते होते. प्रत्येक वेळी माथा दूरच राहिला.

१९४७ मध्ये अर्ल डेन्मन या एकांड्या साहसवीरासोबत ते तिबेटमार्गे एव्हरेस्टकडे गेले. परवाना नाही, पुरेसे कपडे नाहीत, पैसाही बेताचा. उत्तर खिंडीच्या खाली वादळाने गाठले आणि सारे मागे फिरले. पुरेशा तयारीविना केवळ इच्छेच्या बळावर निघालेली मोहीम किती लवकर संपते, हे त्यांनी येथे पाहिले. त्याच वर्षी गढवालमधील स्विस मोहिमेत सरदार वांगदी नोर्बू जखमी झाल्याने ती जबाबदारी तेनझिंग यांच्यावर आली. सरदार म्हणजे शेर्पा आणि हमालांचा प्रमुख. माणसे निवडणे, ओझी वाटून देणे, मजुरीचा हिशेब ठेवणे, भांडणे मिटवणे आणि कोणता सामान कोणत्या तळावर कधी पोहोचेल हे पाहणे, ही सारी त्याची कामे. मोहिमेचे यशापयश बऱ्याच अंशी याच कामावर ठरते.

१९५२ च्या वसंतात स्विस गिर्यारोहक रेमंड लँबर्ट यांच्यासोबत त्यांनी सुमारे ८,४०० मीटर उंचीवर एक रात्र झोपण्याच्या पिशव्यांविना आणि स्टोव्हविना काढली. मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोटभर पाणी मिळवले. दुसऱ्या दिवशी, २८ मे रोजी, दोघे सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेले. प्राणवायूची उपकरणे चालताना साथ देईनात. माथा अडीचशे मीटरवर असताना दोघे परतले. पुढे गेले असते तर कदाचित शिखर मिळाले असते, पण जिवंत परतणे अशक्य होते. त्या दिवशी परतल्यामुळेच तेनझिंग यांच्या आयुष्यात १९५३ उगवले.

एव्हरेस्टचा माथा

जॉन हंट यांच्या १९५३ च्या मोहिमेत तेनझिंग सरदार होते आणि चढाई करणाऱ्या तुकडीचे सदस्यही. साडेतीनशेहून अधिक हमालांनी सामान वाहिले. थेट वर न जाता मोहिमेने तेंगबोचेच्या परिसरात सुमारे तीन आठवडे लहानमोठ्या चढाया करून शरीर विरळ हवेला सरावू दिले. मोहिमेत एडमंड हिलरी बर्फाच्या भेगेत कोसळले तेव्हा तेनझिंग यांनी दोर रोखून धरला.

२६ मे रोजी बोर्डिलन आणि इव्हान्स ही पहिली जोडी दक्षिण शिखरापर्यंत जाऊन परतली. २८ मे रोजी सहकाऱ्यांनी सुमारे ८,५०० मीटर उंचीपर्यंत सामान पोहोचवले आणि २९ मे रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास हिलरी आणि तेनझिंग माथ्यावर उभे राहिले. एव्हरेस्टच्या दिशेने तेनझिंग यांची ही सातवी खेप होती. लँबर्ट यांनी दिलेला लाल रुमाल त्यांच्या गळ्यात होता. मुक्काम जेमतेम पंधरा मिनिटांचा.

पुढे सन्मान आले आणि वादही. पहिले पाऊल कोणाचे, तेनझिंग भारताचे की नेपाळचे, यावर वृत्तपत्रांचे रकाने भरले. शेवटी १९५५ मधील आत्मचरित्रात त्यांनी हिलरी काही पावले आधी पोहोचल्याचे सांगून टाकले. शेर्पांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न मात्र याच मोहिमेत उघडा पडला होता. मोहिमेच्या आरंभी काठमांडूच्या ब्रिटिश दूतावासात साहेबांना खोल्या आणि शेर्पांना शौचालयाविना गॅरेज, अशी व्यवस्था होती. शेर्पांनी आपला रोष उघडपणे दाखवला आणि मधे पडून समजूत घालण्याची वेळ तेनझिंग यांच्यावर आली.

दार्जिलिंगची शाळा

पंडित नेहरू आणि पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. मेजर नरेंद्र धर जयाल पहिले प्राचार्य झाले आणि तेनझिंग क्षेत्रीय प्रशिक्षणाचे पहिले संचालक. त्यासाठी एव्हरेस्ट सर केलेला हा माणूस स्वित्झर्लंडमध्ये अर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्याकडे पुन्हा विद्यार्थी म्हणून गेला. स्वतः चढता येणे वेगळे आणि दुसऱ्याला शिकवता येणे वेगळे, हे त्यांनी जाणले होते.

१९७६ मध्ये निवृत्त होईपर्यंत सुमारे बावीस वर्षे त्यांनी हे काम केले. दोराच्या गाठी, आईस ॲक्सने घसरण थांबवणे, बर्फात पायऱ्या खोदणे, एका दोरावरील सहकाऱ्याची जबाबदारी घेणे, हे सारे नवशिक्यांना शिकवले जाऊ लागले. आधी दार्जिलिंगच्या कातळांवर सराव, मग पश्चिम सिक्कीममधून पायी चाल आणि शेवटी राथोंग हिमनदीवरील धडे, असा संस्थेच्या मूलभूत अभ्यासक्रमाचा क्रम राहिला आहे. त्यांचा भाचा नवांग गोंबू याच संस्थेत प्रशिक्षक होता. १९६३ आणि १९६५ मध्ये एव्हरेस्ट चढून तो दोनदा माथा गाठणारा पहिला गिर्यारोहक ठरला. निवृत्तीनंतर १९७८ मध्ये तेनझिंग यांनी पर्यटकांसाठी ट्रेक आयोजित करणारी स्वतःची संस्था काढली.

आजच्या भटक्यांसाठी

कळसूबाईवर गुडघे आणि दम यांची परीक्षा होते, विरळ हवेची नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि दणकट तरुणही तेथे कोसळू शकतो. म्हणूनच मोहीम आखताना तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज तीनशे ते पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. डोकेदुखी वा मळमळ वाढत गेली, तोल जाऊ लागला वा बसल्या जागीही धाप लागली, तर खाली उतरणे हाच उपाय. आयोजकाला शुल्क विचारण्याआधी वाटाड्याचे प्रशिक्षण, हमालांचे कपडे व विमा, आणि परत फिरण्याचा निर्णय कोण घेणार हे विचारावे. जोखीम यानेही संपत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा शिखरावरील हिमस्खलनात उत्तरकाशीच्या नामवंत संस्थेचे वीसहून अधिक प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक बळी पडले. तयारीने जोखीम कमी होते, एवढेच.

तेनझिंग यांचे ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंगमध्ये निधन झाले. संस्थेच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. लेबोंगच्या रस्त्यावरील एका कातळाला तेनझिंग रॉक असे नाव आहे, आणि नवशिके तेथे दोराच्या आधाराने चढण्याचा सराव करतात.