डिस्नेच्या अंगणातली आगगाडी

कॅन्सस सिटीच्या आगगाड्यांत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकणारा एक पोरगा होता, वॉल्ट डिस्ने. पुढे मिकी माउसने जग जिंकले, पण इंजिनाची शिट्टी काही त्याच्या कानांतून गेली नाही. १९५० मध्ये लॉस एंजेलिसच्या घराभोवती त्याने अर्धा मैल रूळ टाकले. वहिवाटीसाठी बायको-मुलींशी चक्क लेखी करार! (आम्हा बँकवाल्यांना हे फार आवडेल.) बायकोच्या फुलझाडांना धक्का नको म्हणून खालून ९० फुटी बोगदा. वाफेच्या छोट्या इंजिनाला नावही तिचेच, ‘लिली बेल’. पाहुणे डब्यांवर बसून फेऱ्या मारत.

१९५३ मध्ये इंजिन उलटले, वाफेने एक चिमुरडी भाजली. डिस्नेने अंगणातली गाडी कायमची बंद केली. हौस मात्र १९५५ मध्ये डिस्नेलँडभोवती धावू लागली. आता साऱ्यांच्या मुलांसाठी. १९६६ मध्ये तो गेला. ती गाडी अजून धावते आहे.