कर्मवीर भाऊराव पाटील

एकेकाळी सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलाला महाविद्यालय ही फार दूरची गोष्ट होती. महाविद्यालये होती ती पुण्याला, मुंबईला, कोल्हापूरला, सांगलीला. तेथे जावयाचे म्हणजे फी हवी, पुस्तके हवीत, राहण्याची सोय हवी आणि दोन्ही वेळच्या जेवणाचा खर्च हवा. कोरडवाहू शेतीवर गुजराण करणाऱ्या बापाने एवढा पैसा आणावा कोठून? मुलगा हुशार असला तरी चार बुके शिकून पुन्हा बैलांमागे जाई. ही अडचण ज्यांनी आपल्या आयुष्याचेच काम मानले, ते कर्मवीर भाऊराव पाटील होत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे वडील पायगोंडा हे महसूल खात्यात कारकून होते. शिक्षणासाठी भाऊरावांना कोल्हापुरास ठेवण्यात आले. पुस्तकांपेक्षा तालमीची व पोहण्याचीच गोडी त्यांना अधिक. मॅट्रिकची परीक्षाही ते उत्तीर्ण झाले नाहीत. परंतु कोल्हापुरात त्यांनी एक गोष्ट डोळे भरून पाहिली. राजर्षी शाहू छत्रपतींनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी तेथे वसतिगृहे काढली होती. राहण्याची व जेवणाची सोय झाली की खेड्यातील मुले कशी शिकतात, हे भाऊरावांच्या मनावर तेथेच ठसले. मात्र प्रत्येक जातीचे वसतिगृह वेगळे, ही गोष्ट त्यांना खटकली असावी. कारण पुढे त्यांनी स्वतः वसतिगृह काढले ते सर्वांसाठी एकच.

पोटापाण्यासाठी ते साताऱ्यास आले. काही दिवस त्यांनी शिकवण्या केल्या, तेव्हा लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. पुढे ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडू लागले. नांगर विकणारा माणूस शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतो, त्याच्याबरोबर भाकरी खातो आणि त्याच्या घरातील सुखदुःखे ऐकतो. या फिरतीतच भाऊरावांना खेड्यांची खरी ओळख झाली. एकदा अस्पृश्य म्हणून वर्गाबाहेर बसवलेला एक मुलगा त्यांना दिसला. त्यांनी त्याला आपल्याबरोबर कोल्हापुरास नेले आणि तेथील वसतिगृहात त्याच्या शिक्षणाची सोय लावून दिली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले व तेथे त्यांनी वसतिगृह सुरू केले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले तेथे एकत्र राहू लागली. स्वयंपाक मुलांनीच करावयाचा, पाणी त्यांनीच भरावयाचे आणि एका पंक्तीस बसून जेवावयाचे, असा तेथील नेम होता. त्या काळी हे पाहून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले.

नाव मोठे झाले तरी कोठी रिकामीच असे. भाऊराव सतत वर्गणीसाठी बाहेर. धनिकांकडून देणगी मिळे, पण तिचा भरवसा नसे. म्हणून त्यांनी गरिबांच्याच दारी जाण्याचे ठरविले. घरोघरच्या बायांनी जात्यावर बसण्यापूर्वी एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवावे आणि ते वसतिगृहास द्यावे, अशी ही योजना होती. तिला मुष्टिफंड म्हणत. ज्वारीची एक मूठ गेल्याने कोणाच्या घरी उपास पडत नव्हता, आणि शंभर घरांच्या मुठी एकत्र आल्या की मुलांच्या भाकरी होत होत्या. शिवाय ज्या बाईने मूठ दिली तिला ते वसतिगृह आपले वाटू लागे, आणि मग तिचा मुलगाही एके दिवशी तेथे येऊन दाखल होई.

या संसाराचा सर्वांत मोठा भार सोसला तो भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी. माहेरचे सोवळेओवळे मनात असूनही त्यांनी सर्व जातींच्या मुलांना आपली मुले मानले. धान्य संपले की त्या आपला एखादा दागिना काढून देत. असे करता करता अंगावरचे सोने सरले. एकदा भाऊराव दौऱ्यावर असताना कोठीत दाणा उरला नाही. मुले उपाशी राहणार, हे पाहून त्या माउलीने गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. त्या काळातील बाईला मंगळसूत्र म्हणजे केवळ सोने नव्हे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दानाचे मोल कळते. १९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. लहान वयात घर सोडून आलेली ती मुले त्या दिवशी दुसऱ्यांदा पोरकी झाली.

वसतिगृहातील मुले मोठी झाली, शाळा संपवून पुढे काय, असे विचारू लागली. १९४० साली भाऊरावांनी साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले आणि १९४७ सालच्या जूनमध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. गरिबाच्या मुलाला शहरातील महाविद्यालयात जाता येत नसेल, तर महाविद्यालयच त्याच्या जिल्ह्यात आणावे, असा त्यांचा विचार होता. परंतु भाऊरावांना मुलांच्या हाती केवळ भीक घालावयाची नव्हती. कमवा आणि शिका, ही योजना त्यांनी तेथे लागू केली. वर्ग संपल्यावर विद्यार्थी कुदळ-फावडे घेत, माती खणत, दगड फोडत, शेतात राबत. त्या श्रमांच्या मोबदल्यात त्यांच्या जेवणाखाण्याचा व शिक्षणाचा खर्च भागे. दुपारी इंग्रजी काव्य वाचणारा मुलगा सायंकाळी डोक्यावर माती वाहताना दिसे. हे दृश्य पाहून प्रथम कोणी हसले असतील. पण आपल्या घामाचे खातो, या जाणिवेने ती मुले ताठ मानेने वावरत.

महाविद्यालय चालविणे म्हणजे पैशाचे काम. अशा वेळी एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली. फक्त महाविद्यालयाला दिलेले शिवाजी महाराजांचे नाव बदलावे, एवढीच त्याची अट होती. भाऊरावांना पैशाची निकड होती. इमारत अर्धवट, प्राध्यापकांचे पगार तटलेले, असे ते दिवस. तरीही त्यांनी ती देणगी नाकारली. देणारा मोठा की ज्याच्या नावाने मुले शिकतात तो मोठा, याचा निवाडा त्यांच्या मनाशी झालेला होता. १९४८ साली तर त्यांच्या एका भाषणावरून सरकारची नाराजी ओढवली आणि संस्थेचे अनुदानच बंद झाले. त्या कठीण काळात लोकांच्या वर्गणीवर आणि सेवकांच्या त्यागावर शाळा चालू राहिल्या. पुढे लोकमत उठले व अनुदान पुन्हा सुरू झाले.

संस्थेत शिकून पदवीधर झालेल्या कित्येक तरुणांनी मोठ्या पगाराच्या नोकऱ्या सोडून आजीव सेवक म्हणून संस्थेतच राहणे पत्करले. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे अशांपैकीच एक. वसतिगृहात वाढलेला हा मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला, शिवाजी कॉलेजचा प्राचार्य झाला आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. ज्या मुठी एकेकाळी त्याच्यासाठी भरल्या होत्या, त्यांची फेड अशा रीतीने होत गेली.

भाऊराव राहणीने अगदी साधे. जाडीभरडी खादी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, धिप्पाड देह. असा हा पुरुष खेड्यात शिरला की पोरे त्याच्याभोवती गोळा होत. वडाचे झाड हे त्यांनी संस्थेचे बोधचिन्ह ठरविले होते. १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. त्यांच्या हयातीतच संस्थेची महाविद्यालये तीन झाली व माध्यमिक शाळांची संख्या शंभरावर गेली.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने त्याच वर्षी डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. पण आयुष्य सरत आले होते. ९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. त्यांना पदवी देणाऱ्या त्या विद्यापीठाने पुढे आपल्या महाविद्यालयांतील गरजू विद्यार्थ्यांसाठी कमवा व शिका योजना सुरू केली. तिला कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आहे.