रंगभूमीची सेविका : डेम सिबिल थॉर्नडाइक

नाटक हा शब्द कानीं पडतांच अद्यापिही आपल्यांतील कित्येक सात्त्विक कुटुंबांत वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे, मुलीनें रंगमंचावर उभें राहावें कीं नाहीं, हा प्रश्न घरोघर निघतो. ही शंका अगदींच निराधार आहे असें म्हणतां येणार नाहीं. कारण रंगभूमीच्या झगमगाटानें दृष्टि दिपून कित्येकांच्या आयुष्याची वाताहत झालेली जगानें पाहिली आहे. परंतु दोष कलेचा कीं कलेस राबविणाराचा, याचा विचार शांतपणें करावयाचा, तर कोणा तरी थोर व्यक्तीचें चरित्र डोळ्यांपुढें असणें बरें. म्हणून, एका धर्मोपदेशकाच्या घरीं जन्म घेऊन सुमारें पांसष्ट वर्षें रंगभूमीची सेवा करणाऱ्या, आणि ती करीत असतां आपली श्रद्धा व आपली सदसद्विवेकबुद्धि यांस न विसरणाऱ्या एका आंग्ल नटीचें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवीत आहों.

सिबिल थॉर्नडाइक हिचा जन्म २४ ऑक्टोबर १८८२ रोजीं इंग्लंडांतील लिंकनशायर परगण्यांत गेन्सबरो या गांवीं झाला. तिचे वडील आर्थर थॉर्नडाइक हे अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक होते. सिबिल लहान असतांनाच त्यांची नेमणूक रॉचेस्टर येथील प्राचीन कॅथीड्रलांत झाली, व तिचें सारें बालपण त्या मंदिराच्या छायेंत गेलें. सुप्रसिद्ध कादंबरीकार डिकन्स यांच्या स्मृतीनें पुनीत झालेलें हें नगर. एकीकडे उपासनेंतील भजनांचे सूर, तर दुसरीकडे डिकन्सच्या पात्रांच्या गोष्टी, असें दुहेरी पोषण तिच्या मनास मिळालें. तिचा धाकटा भाऊ रसेल हाही मोठा कल्पक होता. हीं दोघें भावंडें घरींच नाटकें रचीत व घरच्याच मंडळींपुढें तीं करून दाखवीत. आईबापांनीं या खेळांस आडकाठी केली नाहीं. मुलांच्या अंगचा गुण देवानें दिला असेल तर त्यास वाट मोकळी करून देणें हेंच आपलें काम, अशी त्या घराची रीत होती.

तथापि नटी होण्याचा विचार प्रथम नव्हता. सिबिलची ओढ पियानोकडे होती. लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयांत तिचें शिक्षण झालें, आणि वादनांतच तिचें नांव होणार असें सर्वांस वाटूं लागलें. इतक्यांत दैवाचा घाला पडला. अतिश्रमामुळें तिच्या मनगटास विकार जडला. बोटें आंखडूं लागलीं, आणि जाहीर वादन सोडून देण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. वर्षानुवर्षें केलेली मेहनत एकाएकीं निष्फळ झाल्यासारखी दिसली. अशा प्रसंगीं पुष्कळ तरुण मनें खचून जातात. सिबिल मात्र फार काळ शोक करीत बसली नाहीं. बंधु रसेल यास नट व्हावयाचें होतें. त्याच्याच सोबतीनें तिनें नाट्यशिक्षणाचा मार्ग धरला. पुढें तिच्या बोलण्यांत जो ताल, जो चढउतार व जो विराम लोकांस मोहून टाकी, त्याचें मूळ या सोडाव्या लागलेल्या संगीतांतच होतें. जी विद्या वायां गेली असें आपण समजतों, ती कोठें उपयोगी पडेल याचा नेम नसतो.

१९०४ सालीं ती बेन ग्रीट यांच्या नाटक मंडळींत दाखल झाली. ही मंडळी शेक्सपिअरचीं नाटकें पुष्कळदां उघड्या मैदानांत करीत असे. त्यांच्याबरोबर सिबिलनें अमेरिकेचा दूरवर प्रवास केला. आज नायिका, उद्यां दासी, परवां एखादा शिपाई, अशा शंभरांहून अधिक लहानमोठ्या भूमिका तिनें त्या तीनचार वर्षांत केल्या. हलकें काम म्हणून तिनें कोणतेंच नाकारलें नाहीं. परंतु उघड्यावर सतत मोठ्यानें बोलल्यामुळें तिचा आवाज बसला, आणि तो परत येतो कीं नाहीं अशी भीति उत्पन्न झाली. हात गेला, आतां वाणीही जाते कीं काय! वैद्यांनीं सहा आठवडे एक शब्दही उच्चारावयाचा नाहीं असें सांगितलें. बोलण्याची जिला स्वभावतःच हौस, तिनें हें मौनव्रत अक्षरशः पाळलें, आणि आवाज पूर्ववत् झाला. हट्टानें गाडा पुढें रेटण्यापेक्षां आज्ञा पाळून स्वस्थ बसणें कित्येकदां अधिक कठीण असतें; तें तिला साधलें.

१९०८ सालीं मँचेस्टर येथें मिस हॉर्निमन यांच्या नाटक मंडळींत असतांना सिबिलची लुइस कॅसन या तरुण नटाशीं ओळख झाली. कॅसन यांचें घराणें चर्चमधील ऑर्गन बनविणाऱ्यांचें. स्वभाव विचारी, करारी व कामाच्या बाबतींत अत्यंत कडक. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांचा विवाह झाला. हा संसार साठ वर्षें टिकला. दोन मुलगे व दोन मुली अशीं चार अपत्यें त्यांस झालीं. पतिपत्नींचे वाद होत, पण ते वाद नाटकाच्या अर्थावरून, एखाद्या वाक्याच्या उच्चारावरून, किंवा जगांतील अन्यायाचें निवारण कसें करावें यावरून होत. नटनटींचे संसार टिकत नाहींत असें म्हणणारांनीं हें उदाहरण अवश्य ध्यानांत ठेवावें.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि सिबिलबाईंच्या आयुष्यांतील खऱ्या कसोटीचा काळ आला. लंडनांत थेम्स नदीच्या दक्षिणेस, गरीब व कामकरी लोकांच्या वस्तींत, ओल्ड व्हिक नांवाचें एक जुनें नाटकगृह आहे. दारूच्या व्यसनांतून लोकांस सोडवावें म्हणून एम्मा कॉन्स या परोपकारी बाईंनीं १८८० सालीं तें हातीं घेतलें, आणि तेथें मद्याऐवजीं कॉफी व निर्दोष करमणूक मिळण्याची सोय केली. पुढें त्यांची भाची लिलियन बेलिस हिनें तेथेंच अगदीं अल्प दरांत शेक्सपिअरचीं नाटकें दाखविण्यास आरंभ केला. ही बाई मोठी श्रद्धाळू, पण पैशाच्या बाबतींत हात फार आंखडता. तेथें वेतन थोडें व काम अपार असे. १९१४ पासून १९१८ पर्यंत सिबिलबाईंनीं तेथें एकामागून एक भूमिका केल्या. तरुण नट रणांगणावर गेले होते. म्हणून राजपुत्र हॅल, किंग लियरचा विदूषक अशीं पुरुषांचीं कामेंही त्यांनींच केलीं. शत्रूचीं विमानें बाँब टाकीत असतांही पडदा वर जाई. पति सैन्यांत दाखल होऊन जखमी झाले; १९१७ सालीं धाकटा भाऊ फ्रँक युद्धांत कामास आला, आणि त्याच वर्षीं वडीलही देवाघरीं गेले. घरीं चार लहान मुलें, अंतःकरणांत दुःख, तरी कामांत खंड नाहीं. दिवसभर गिरणीगोदींत राबून आलेला मजूर दोन घटका आपलें दुःख विसरतो, ही देखील सेवाच, असें मानून त्या उभ्या राहिल्या.

युद्ध संपल्यावर १९१९ सालीं त्यांनीं युरिपिडीस या ग्रीक कवीच्या नाटकांत ट्रॉय नगरीच्या वृद्ध राणीची, हेक्यूबाची, भूमिका केली. नगर जळालें आहे, पुत्र मारले गेले आहेत, सुना दासी होऊन चालल्या आहेत, अशा त्या मातेचा विलाप ऐकण्यास आलेल्या कित्येक स्त्रिया स्वतःच पुत्रशोकांत होत्या. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचें तें दुःख त्यांस आपलेंच वाटलें. याच्या उलट, १९२० ते १९२२ या काळांत सिबिलबाईंनीं पति व बंधु यांच्यासह भयानक रसाचीं लहान लहान नाटकेंही केलीं; खून, वेड, क्रौर्य हेच त्यांचे विषय. एका धर्मोपदेशकाच्या कन्येनें असलीं कामें कां स्वीकारावीं, हें आपणांस खटकेल. संसार चालविण्याची गरज हें त्याचें एक कारण असावें. पण मनुष्याच्या हृदयांतील अंधारही नटाला ठाऊक असला पाहिजे, हें दुसरें. चरित्रलेखकानें अशी गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे.

१९२२ सालीं शेली कवीचें 'द चेंची' हें नाटक त्यांनीं रंगभूमीवर आणलें. त्यांतील न्यायसभेचा प्रवेश पाहून नाटककार बर्नार्ड शॉ यांस आपल्या मनांतील जोन सांपडली. जोन ऑफ आर्क ही फ्रान्समधील शेतकऱ्याची पोर. देवाची वाणी आपणांस ऐकूं येते असें सांगून तिनें हताश झालेल्या सैन्यास जागें केलें, आणि १४३१ सालीं रूआं या शहरीं धर्मसभेनें पाखंडी ठरविल्यावर ती जिवंत जाळली गेली. त्याच जोनला १९२० सालीं रोमन चर्चनें संतपद दिलें. शॉ यांनीं 'सेंट जोन' हें नाटक सिबिलबाईंस डोळ्यांपुढें ठेवून लिहिलें, व २६ मार्च १९२४ रोजीं लंडनच्या न्यू थिएटरांत त्याचा तेथील पहिला प्रयोग झाला. त्या वेळीं सिबिलबाईंचें वय एकेचाळीस वर्षांचें होतें आणि भूमिका सतरा-अठरा वर्षांच्या खेडवळ मुलीची! रूप नटविण्याच्या भरीस न पडतां त्यांनीं जोनचा साधेपणा, तिचा निर्भयपणा व देवावरील तिचा सरळ भरंवसा एवढेंच प्रकट केलें. राजदरबारांतील मोठमोठ्या पंडितांपुढें ही अडाणी मुलगी न डगमगतां उत्तरें देते. मरणाच्या भीतीनें एकदां कबुलीवर सही करते. परंतु जन्मभर बंदिवासांत राहावें लागणार असें कळतांच ती सही फाडून टाकून चितेकडे जाते. हा प्रवेश पाहून प्रेक्षकगृह स्तब्ध होऊन जाई. त्या नाटकाचे तेव्हां २४४ प्रयोग झाले. उपासनामंदिरांत लहानपणीं जें ऐकलें व जपलें, तेंच येथें फळास आलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

जोनचें काम करणें निराळें आणि जोनप्रमाणें वागणें निराळें. सिबिलबाईंनीं दुसऱ्याचाही यत्न केला. १९२६ सालीं इंग्लंडांत सार्वत्रिक संप झाला, तेव्हां त्यांनीं व त्यांच्या पतीनें कामकऱ्यांची बाजू घेतली. १९२८ सालीं 'डॉन' या मूकपटांत त्यांनीं एडिथ कॅव्हेल या परिचारिकेची भूमिका केली. कॅव्हेलबाई याही धर्मोपदेशकाचीच कन्या. शत्रूच्या ताब्यांतील ब्रसेल्समधून सैनिकांस पळून जाण्यास साह्य केल्याबद्दल जर्मनांनीं १९१५ सालीं त्यांस गोळ्या घातल्या होत्या. या चित्रपटानें जुनीं वैरें पुन्हां पेटतील म्हणून मोठा वाद माजला. सिबिलबाई स्वतः पुढें शांततावादी झाल्या व युद्धविरोधी चळवळींत उघडपणें सामील झाल्या. १९३१ सालीं त्यांस 'डेम' ही मानाची पदवी मिळाली, पण त्यामुळें त्यांचें बोलणें मवाळ झालें नाहीं.

दुसरें महायुद्ध आलें तेव्हां या मतांची कठोर परीक्षा झाली. थोरला मुलगा जॉन हा आरमाराचा वैमानिक होता. जून १९४० मध्यें तो जर्मनांच्या हातीं सांपडला व १९४५ पर्यंत बंदिवासांत राहिला. आई युद्धाच्या विरुद्ध, मुलगा युद्धांत कैद! इंग्लंड जिंकल्यावर ज्यांस पकडावयाचें अशा लोकांची जी यादी जर्मनांनीं करून ठेविली होती, तींत सिबिलबाईंचेंही नांव होतें, हें युद्धानंतर उघडकीस आलें. अशा दिवसांत, साठीच्या उंबरठ्यावर असतांना, त्या पतीसह वेल्समधील कोळशाच्या खाणींच्या गांवांतून हिंडत होत्या. लहान लहान सभागृहांत, तोकड्या सामानांत, 'मॅक्बेथ' व 'मीडिआ' हीं नाटकें त्यांनीं खाणकामगारांपुढें केलीं. नाटकाचा असा प्रयोग पूर्वीं न पाहिलेले ते लोक मोठ्या भक्तीनें तीं पाहात. राजधानींतील टाळ्यांपेक्षां हा मान त्यांस अधिक मोलाचा वाटला.

आपल्या देशाशींही त्यांचा संबंध आला. १९५४ सालीं निघालेल्या दूरच्या प्रवासांत त्या व सर लुइस हिंदुस्थानांत येऊन गेले, व काव्यवाचन आणि नाट्यप्रवेश त्यांनीं येथील रसिकांस ऐकविले. पुढें दूरचित्रवाणीचें युग आलें. रंगभूमीवर वाढलेले कित्येक वृद्ध नट त्या नव्या यंत्रास नाकें मुरडीत; सिबिलबाईंनीं मात्र तें हौसेनें आपलेंसें केलें. १९६५ सालीं बी. बी. सी. नें 'अ पॅसेज टु इंडिया' या फॉर्स्टर यांच्या कथेचें नाट्यरूप दाखविलें. त्याचे दिग्दर्शक लखनौंत जन्मलेले वारिस हुसेन हे होते, आणि हिंदी माणसाशीं निर्मळ मनानें मैत्री जोडणाऱ्या वृद्ध मिसेस मूर यांची भूमिका ब्याऐंशी वर्षें उलटलेल्या सिबिलबाईंनीं केली.

१९६९ सालच्या मे महिन्यांत सर लुइस निवर्तले. त्याच वर्षीं लेदरहेड गांवीं त्यांच्या नांवाचें थॉर्नडाइक थिएटर उघडलें, व तेथेंच त्यांनीं रंगभूमीवरील आपली शेवटची भूमिका केली. संधिवातानें अंग जखडलें होतें, तरी उत्साह मावळला नव्हता. ९ जून १९७६ रोजीं, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं, लंडन येथें त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबे या राष्ट्रीय मंदिरांत ठेवण्यांत आली आहे. ज्या मुलीचें बाळपण एका मंदिराच्या सावलींत गेलें, तिला अखेरची विश्रांतीही दुसऱ्या मंदिरांतच लाभली.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रांतून घ्यावयाचें तें हें नव्हे कीं, प्रत्येकानें रंगमंचाकडे धांव घ्यावी. धन्यानें सोंपविलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला तुम्हांस ठाऊक आहे. सिबिलबाईंस मिळालेलें द्रव्य एकदां मनगटाच्या दुखण्यानें व एकदां कंठाच्या दुखण्यानें हातचें जाऊं पाहात होतें. त्यांनीं तें नव्या मार्गानें पुन्हां वाढविलें, आणि श्रीमंतांबरोबर गरिबांसही त्याचा वांटा दिला. तुमचा हात ज्या कामांत चालतो, मग तें चित्रकला असो, सुतारकाम असो कीं गणित असो, त्याचा विनियोग तुम्ही कोणासाठीं करणार, हें आतांच ठरवा. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, मुलाच्या किंवा मुलीच्या अंगीं एखादा निर्दोष गुण दिसल्यास लोक काय म्हणतील या भयानें तो दडपून टाकूं नये. त्याबरोबर प्रार्थनेची, श्रमाची व सत्याची संवय लावून द्यावी, म्हणजे तो गुण मुलास कोठेंही घेऊन गेला तरी घराला त्याची लाज वाटण्याची वेळ येणार नाहीं. रॉचेस्टरच्या त्या उपदेशकानें व त्याच्या पत्नीनें केलें तें एवढेंच.