वेताच्या पेटीतून केडगावला

घरादाराचा त्याग करणाऱ्यांची थोरवी आपल्याकडे शतकानुशतके गाइली गेली आहे. मात्र सोडावयाचे तर माणसाला आधी घर असावे लागते, याचा विचार सहसा होत नाही. पंडिता रमाबाईंना ते कधी लाभलेच नाही. १८५८ साली पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला, आणि सहा महिन्यांच्या होतात न होतात तोच वेताच्या पेटीत घालून त्यांना डोंगराखाली उतरविण्यात आले. तेथून त्यांचे तीर्थाटन सुरू झाले.

वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विरक्त वृत्तीचे विद्वान. पत्नीला संस्कृत शिकविण्याचा निर्धार तडीस नेण्यासाठी त्यांनी रानात आश्रम उभारला होता. पण येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंच्या आदरातिथ्यात ते कर्जबाजारी झाले आणि बिऱ्हाड मोडावे लागले. पुढे हे कुटुंब क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगत हिंडले. जे मिळे ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत जाई. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने गाठले तेव्हा गाठीला काही उरले नव्हते, आणि मजुरी करण्याची कुणाला सवय नव्हती. आईवडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. आईच्या तिरडीला खांदेकरी पुरेनात. ठेंगण्या रमाबाईंना आपल्या बाजूचा भार डोक्यावर घ्यावा लागला. अनंतशास्त्र्यांविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावे लागते की, त्यांच्या निःस्पृहतेची किंमत मुलाबाळांनी मोजली.

भाऊ श्रीनिवास याच्यासह देशभर पायपीट करीत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे पंडिता ही पदवी मिळाली. घर मात्र मिळाले नाही. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ च्या फेब्रुवारीत, तोही संसार संपला. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या तेव्हा त्यांना ना माहेर होते, ना सासर. त्या काळच्या बालविधवांची स्थिती तरी काय वेगळी होती? डोक्यावर छप्पर होते एवढेच. त्या छपराखाली आपले म्हणता येईल असे काही नव्हते. हे रमाबाईंनी जितके ओळखले तितके त्यांच्या सुधारक समकालीनांपैकी फार थोड्यांनी ओळखले.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. भूतलावरील मुक्काम हा वाटसराचा मुक्काम आहे, खरे घर देवापाशी, ही त्या धर्माची शिकवण वेताच्या पेटीतून निघालेल्या स्त्रीला समजण्यास फारसे भाष्य लागले नसावे. चर्चच्या घरातही त्या मुकाट्याने नांदल्या नाहीत. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे मतभेद पुष्कळ झाले. परंतु मुक्काम तात्पुरता म्हणून तो कसाही असला तरी चालेल, हा निष्कर्ष त्यांनी कधी काढला नाही. वडिलांच्या वैराग्यात हिशेब नव्हता. लेकीच्या वैराग्यात तो चोख होता. अमेरिकेत हिंडून त्यांनी दहा वर्षांच्या साहाय्याची वचने मिळविली, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास हलले. वचनांची मुदत सरल्यावर मुलींचे काय, या विचाराने केडगावला जमीन घेऊन त्यांनी विहिरी खोदविल्या व फळझाडे लावली.

१८९३ साली पुण्यात वादळ उठले. धर्माबाबत तटस्थतेचे वचन असताना मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, हा आक्षेप होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त मुलींना त्यांनी आणले, तेव्हा प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना. केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या; तेच मुक्तिसदन. गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. पतितांसाठी कृपासदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन, अंधांसाठी शिक्षण. शेती, विणकाम, छापखाना. आपल्याला नसलेले घर त्यांनी इतरांना पक्क्या भिंतींचे दिले.

हे सारे मनोरमेच्या हाती सोपवावे, अशी त्यांची इच्छा होती. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाही गेली. थकलेल्या रमाबाई पुन्हा कामाला बसल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत केलेल्या बायबलच्या भाषांतराची मुद्रिते तपासावयाची राहिली होती. ती संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. १९२४ मध्ये तो ग्रंथ बाहेर पडला. त्याचे खिळे मुक्तिसदनातल्या मुलींनी जुळविले होते.