नाट्यप्रवर्तक कै. विष्णुदास भावे व सांगलीची रंगभूमी

आमच्या नांदगाव पेठेत काय किंवा वऱ्हाडातील दुसऱ्या कोणत्याही मोठ्या गावात काय, नाटकाची हौस मुळीच नाही असे सहसा आढळत नाही. गणेशोत्सव जवळ आला की तरुण मंडळींनी एकत्र जमावे, कोणाच्या तरी ओसरीवर तालमी सुरू व्हाव्यात, पडदे व पोशाख भाड्याने आणावेत, आणि प्रयोग पार पडल्यावर हिशेबाची वही उघडली म्हणजे तूट कोणी भरून काढावयाची या प्रश्नावर सर्वांची तोंडे उतरावीत, हा प्रकार आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेला आहे. नाटक करणाऱ्या हौशी मंडळीस दोन चिंता सदैव असतात. जागा कोठली, आणि पैसा कोणाचा. मराठी नाटकाचे प्रवर्तक म्हणून ज्यांचे नाव आपण आदराने घेतो, त्यांनाही या दोन चिंतांनी सोडले नाही, ही गोष्ट मात्र थोड्यांच्याच लक्षात असते. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत आम्ही सांगलीचे विष्णुदास भावे यांचे चरित्र आपल्या कुटुंबांपुढे ठेवीत आहो.

विष्णु अमृत भावे यांचा जन्म इ. स. १८१९ च्या सुमाराचा. वडील अमृतराव हे सांगली संस्थानाचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या पदरी होते. बाप संस्थानच्या चाकरीत असला म्हणजे मुलानेही शिकून सवरून तीच वाट धरावी, ही त्या काळची रीत. परंतु विष्णुपंतांचे मन अक्षरांपेक्षा मातीत आणि लाकडात अधिक रमत असे. चित्रे, बाहुल्या तयार कराव्यात, आख्याने जुळवावीत, कवने रचावीत, असा त्यांचा छंद होता. घरच्यांस हे लक्षण फारसे आशादायक वाटले नसावे, असे आम्ही आपल्या अनुभवावरून म्हणतो. मात्र आप्पासाहेब गुणग्राहक होते आणि या मुलाच्या हातातील कसब त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

इ. स. १८४२ मध्ये कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ यक्षगानाच्या वळणाचे. गाणे, नाचणे, रंगविलेली सोंगे आणि मोठा कल्लोळ. राजेसाहेबांनी खेळ पाहिले, परंतु त्यांतील ओबडधोबडपणा त्यांस रुचला नाही. अशीच आख्याने सुधारून, मराठीत, सभ्य लोकांस बसून पाहता येतील अशा रीतीने करावीत, असे त्यांच्या मनात आले आणि ती कामगिरी त्यांनी विष्णुदासांवर सोपविली. त्या वेळी विष्णुदासांचे वय अवघे तेवीस-चोवीस वर्षांचे होते. पुढे नमुना नाही, हाताशी शिकलेले नट नाहीत, नाटकगृह तर नाहीच. संस्थानच्या आश्रयास असलेल्या मंडळींतून माणसे निवडावयाची, त्यांच्याकडून पदे घोकून घ्यावयाची, सोंगे व आयुधे आपल्या हातांनी तयार करावयाची, असा सारा उद्योग त्यांनी एकट्याने उभा केला. इ. स. १८४३ च्या नोव्हेंबरच्या ५ तारखेस सांगलीच्या राजवाड्यात 'सीतास्वयंवर' या नाटकाचा प्रयोग झाला. तो दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो.

हे नाटक होते तरी कसे, असे आमच्या तरुण वाचकांस वाटेल. आजच्या अर्थाने लिहिलेले संवाद त्यात नव्हते. आरंभी सूत्रधार येऊन मंगलाचरण करी. मग वनचरासारखे सोंग घेतलेला विदूषक येऊन त्याच्याशी विनोद करी. पुढे गणपती प्रकट होई, मयूरावर बसलेली सरस्वती येऊन नृत्य करी, आणि मग आख्यान सुरू होई. कथेचा धागा सूत्रधाराच्या हाती. तो मृदंग-झांजांच्या साथीवर पदे म्हणे आणि पात्रांनी त्या पदांना अनुसरून भाषण करावे, ते मात्र ज्याचे त्याने जागच्या जागी योजावे. स्त्रियांची सोंगे मुलगे घेत. राक्षसपार्टी आरोळ्या ठोकीत रंगभूमीवर आली म्हणजे पुढच्या रांगेतील पोरांची गाळण उडे. पुढल्या काळातील सुशिक्षितांनी या राक्षसांची पुष्कळ थट्टा केली. ती अगदीच अस्थानी होती असे नाही. परंतु ज्या गावात नाटक असे काही असते हेच कोणी पाहिले नव्हते, तेथे आधी माणसे बसविणे हेच मोठे काम होते, हे थट्टा करणाऱ्यांनी ध्यानात घेतले नाही.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. तंजावरच्या भोसले राजांनी याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून, मराठीत नाटके रचिली होती, हे पुढे संशोधनाने उजेडात आले. तेव्हा मराठीतील पहिले नाटक कोणते, या वादात आम्ही शिरत नाही. तंजावरची नाटके तंजावरातच राहिली. महाराष्ट्रात नाटकाचा जो अखंड प्रवाह सुरू झाला तो सांगलीहून, एवढे मात्र निर्विवाद आहे.

पहिल्या प्रयोगाच्या यशानंतर विष्णुदासांनी रामायणातील आणखी आख्याने रचून त्यांचे प्रयोग केले. परंतु राजाश्रय म्हणजे एका माणसाच्या आयुष्यावर टांगलेला दिवा. इ. स. १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि विष्णुदासांच्या डोक्यावरचे छत्र नाहीसे झाले. नाटकांपायी झालेले कर्ज मात्र राहिले. ज्या हौसेसाठी संस्थानच्या मंडळींनी कामे केली ती हौस आता पोटाचा प्रश्न होऊन बसली. पदरी मंडळी, अंगावर देणे, आणि सांगलीत नाटकास जागा देणारे कोणी नाही, अशा स्थितीत विष्णुदासांनी मंडळी घेऊन गाव सोडले. सोंग घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माणसाकडे त्या काळचा समाज कोणत्या दृष्टीने पाही, हे आम्ही वेगळे सांगावयास नको. राजवाड्यात केलेले सोंग कौतुकाचे आणि पैशासाठी केलेले तेच सोंग हलकेपणाचे, असा तो न्याय.

पुण्यानंतर इ. स. १८५३ मध्ये ते मुंबईस गेले. ग्रांट रोडवर नाटकगृह होते. १८४६ साली उघडलेल्या त्या नाटकगृहाच्या उभारणीत नाना शंकरशेट यांचा हात होता. इंग्रजी खेळांसाठी बांधलेल्या त्या रंगमंचावर सांगलीकरांनी तिकीट लावून मराठी नाटक केले. आमच्या मते विष्णुदासांच्या आयुष्यातील हा प्रसंग 'सीतास्वयंवरा'हून कमी महत्त्वाचा नाही. राजाने दिलेल्या आश्रयावर नव्हे, तर आण्या-रुपयांनी आपली जागा विकत घेऊन बसलेल्या प्रेक्षकांच्या बळावर मराठी नाटक जगू शकते, हे तेथे सिद्ध झाले, आणि ते सिद्ध होण्यास निमित्त झाले कर्ज! पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईतील मिश्र प्रेक्षकांसाठी त्यांनी 'राजा गोपीचंद' हे नाटक हिंदीत केले. सांगलीच्या माणसाने हिंदी नाटक करावे, याचे आम्हां वऱ्हाडकरांस विशेष वाटणार नाही; आमच्याकडे बाजारात निम्मे बोलणे त्याच भाषेत चालते.

सांगलीकरांचे पाहून इचलकरंजीकर, आळतेकर इत्यादी मंडळ्या निघाल्या व नाटक हा धंदा झाला. आद्यप्रवर्तक मात्र फार काळ त्यात राहिले नाहीत. सुमारे दहा वर्षांच्या दगदगीनंतर, १८६२ च्या सुमारास, त्यांनी नाटकमंडळीची धुरा खाली ठेवली आणि ते सांगलीस राहिले. १८८५ साली त्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' छापून निघाला. तोपर्यंत काळ बदलला होता. १८८० मध्ये पुण्यास किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर येऊन लोकांस संगीत नाटकाची मोहिनी पडली होती, आणि सूत्रधाराच्या पदांवर चालणारी जुनी आख्याने मागे पडली होती. विष्णुदास पुन्हा आपल्या जुन्या छंदाकडे वळले व त्यांनी लाकडी बाहुल्या घडविल्या. माणसे आपल्या स्वाधीन राहत नाहीत, बाहुल्या राहतात, असे त्यांच्या मनात आले असेल काय, कोण जाणे. त्या बाहुल्यांचा खेळ त्यांच्या हयातीत मनासारखा रंगला नाही. विसाव्या शतकात बोलक्या बाहुल्यांचे प्रसिद्ध कलावंत रामदास पाध्ये यांनी त्या पुन्हा प्रेक्षकांपुढे आणल्या. ९ ऑगस्ट १९०१ रोजी विष्णुदास निवर्तले.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९०५ मध्ये, मुंबईस पहिले मराठी नाट्यसंमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनी भूषविले. नामांकित वकील, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष, लोकमान्यांचे स्नेही, असा पुरुष नाटकवाल्यांच्या सभेत अध्यक्ष म्हणून बसला, याचे मोल विष्णुदासांच्या वाट्यास आलेली उपेक्षा आठवल्यावरच कळते. वऱ्हाडाचे हे ऋण नाट्यसृष्टीवर आहे, असे आम्ही अभिमानाने म्हणतो.

सांगलीने आपल्या माणसास जागा दिली ती मात्र उशिरा. १९४३ साली 'सीतास्वयंवरा'स शंभर वर्षे झाली, तेव्हा स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या अध्यक्षतेखाली सांगलीस शताब्दीचा मोठा उत्सव झाला. अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समितीने पुढे तेथे नाट्यमंदिर उभारले, त्यास विष्णुदासांचेच नाव दिले, आणि त्यांच्या नावाचे गौरवपदक ती दरसाल ५ नोव्हेंबरला ज्येष्ठ रंगकर्मीस अर्पण करते. ज्याला स्वतःचे नाटकगृह कधी लाभले नाही, त्याच्या नावाच्या या वास्तूत आता हौशी मंडळीही आपले प्रयोग करतात. आमच्यापैकी कोणी सांगलीस गणपतीच्या दर्शनास गेले, तर त्यांनी तेथेही अवश्य जाऊन यावे.