आजोबांच्या नावाचे विद्यापीठ

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेल्या गोपाळरावांना बालपणी अक्षरओळखही लाभली नव्हती. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतल्यावर ते बडोद्याचे सयाजीराव महाराज झाले आणि तेथेच त्यांचा विद्याभ्यास सुरू झाला. उशिरा मिळालेल्या विद्येचे मोल त्यांनी पुरते जाणले. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात व १९०६ पासून सर्व संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. तरुण भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले. बडोद्यात विद्यापीठ व्हावे ही इच्छा मात्र अपुरी ठेवून ६ फेब्रुवारी १९३९ रोजी ते निवर्तले. संस्थान विलीन होत असतानाच, १९४९ मध्ये, नातू प्रतापसिंहरावांनी आजोबांच्या नावाने ते विद्यापीठ उभे केले. गादी गेली, नाव विद्येच्या दारी राहिले.