मधपाळ हेडन आणि लाकडाचा बेडूक

तळ्याच्या काठी गळ टाकून बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. गावातली मंडळी त्याला सरळ रिकामटेकडा ठरवून मोकळी होतात. हाताला काम नाही म्हणून पाण्याकडे बघत बसलाय, असं आपल्यालाही वाटतं. आज ज्या माणसाची हकिकत तुम्हाला सांगायची आहे, तो असाच बघत बसणारा होता. पाण्याकडे बघायचा आणि मधमाश्यांच्या पेटीकडेही बघायचा. या बघण्यातूनच त्याने दोन धंदे उभे केले. एक मधाचा आणि दुसरा मासे धरायच्या आमिषांचा. दुसरा धंदा त्याने रीतसर सुरू केला तेव्हा त्याचं वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं होतं.

त्याचं नाव जेम्स हेडन. जन्म १८४५ चा, न्यूयॉर्क राज्यातला. पुढे कुटुंब मिशिगन राज्यात आलं आणि त्या राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या डोवाजॅक या लहान गावात हेडन स्थायिक झाला. गावात लोखंडी शेगड्यांचा मोठा कारखाना होता. आजूबाजूला शेती, फळबागा आणि तळी. रानात लिंडनची झाडं आणि कुरणात पांढऱ्या फुलांचं क्लोव्हर गवत. मधमाश्यांना याहून अधिक काय लागतं?

मधमाश्यांचं घर का फुटतं?

हेडन मधाच्या धंद्यात पडला तो १८६९ च्या सुमारास. त्याआधी काही वर्षं, १८५२ साली, लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन पाद्र्याने उचलता येणाऱ्या चौकटींच्या मधपेटीचं पेटंट घेतलं होतं. आज आपल्याकडचे मधपाळ ज्या पेट्या वापरतात, त्या याच तत्त्वावरच्या. पेटी आल्याने मधासाठी पोळं मोडण्याची गरज संपली. तरीही बहुतेक शेतकरी परसात चार-दोन पेट्या ठेवून घरापुरता मध काढत. हेडनने मात्र मध हाच पोटापाण्याचा धंदा केला. अमेरिकेत असं करणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याची गणना होते. त्याच्याकडे शेकड्यांनी वसाहती होत्या.

आता मधपाळाची एक जुनी डोकेदुखी बघा. वसंतात फुलोरा आला, की वसाहत वाढते आणि घर फुटतं. जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते. हे एकदाच झालं तर चालतं. पण मागे राहिलेल्या घरात नव्या राण्या जन्मतात आणि त्याही एकामागून एक थवे घेऊन उठतात. मग एकाही पेटीत मध भरायला पुरेशा माश्या उरत नाहीत.

हेडनने माश्यांची एक सवय नीट हेरली होती. रानात जाऊन आलेली कामकरी माशी आपली पेटी तिच्या जागेवरून ओळखते. म्हणून पहिला थवा बाहेर पडला, की तो त्या थव्याची नवी पेटी जुन्याच जागेवर मांडायचा आणि जुनी पेटी शेजारी सरकवायचा. साधारण आठवड्याने, दुसरा थवा उठायच्या आधी, जुनी पेटी उचलून दूर न्यायचा. मधल्या काळात जुन्या पेटीतल्या ज्या माश्या बाहेर उडू लागलेल्या असत, त्या सवयीने परत त्याच ठिकाणी येत आणि थव्याच्या पेटीत शिरत. थव्याची पेटी भक्कम होई, जुन्या पेटीत गर्दी उरत नसे आणि पुढचा थवा उठत नसे. माश्यांना दूर ठेवायला धूर नको, जबरदस्ती नको. पेट्यांची जागा बदलायची, बस्स. ही रीत मधपाळांच्या पुस्तकांत हेडनच्याच नावाने ओळखली जाते.

१८८५ साली त्याने एक पुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षी नव्या पेटीचं पेटंट घेतलं. या पेटीचा पिल्लांचा कप्पा दोन उथळ भागांत विभागलेला होता. हे भाग उलटसुलट करता येत आणि वरचा भाग खाली ठेवता येई. एकेक चौकट हाताळण्यापेक्षा अख्खा कप्पा एकदम हलवता आल्याने वेळ वाचत असे. मात्र या पेटंटमुळे बरेच मधपाळ त्याच्यावर नाराज झाले. मधपेटीसारख्या वस्तूवर एकाने हक्क सांगावा का, यावर मासिकांतून वाद झडले. हेडनही गप्प बसणारा नव्हता. लेखणी चालवायचा, समोरच्याला झोडपायचा. गावात त्याने वर्तमानपत्र चालवलं, पुढे नगराध्यक्षही झाला. तेव्हा हा माणूस गरीब गाय होता, असा समज करून घेऊ नका.

चिडका मासा

आता पाण्याकडे वळू. मिशिगनच्या तळ्यांत ब्लॅक बास नावाचा मासा असतो. आपल्याकडच्या नद्यांतला हा मासा नव्हे. पण तुम्ही मरळ पाहिली असेल, तर बासचा स्वभाव तुम्हाला लगेच कळेल. दोघांची जात वेगळी, पण रीत सारखी. शेवाळात, कमळाच्या पानाखाली दबा धरून बसायचं आणि बेडूक, लहान मासा जवळून गेला की झडप घालायची. वसंतात नर बास उथळ पाण्यात घरटं करतो आणि अंड्या-पिल्लांची राखण करतो. त्या दिवसांत तो पोट भरलेलं असलं तरी जवळ येणाऱ्या वस्तूवर तुटून पडतो. भुकेने नव्हे, रागाने.

त्या काळी बास धरायला जिवंत आमिष लावत. लहान मासा किंवा बेडूक. यात अडचणी दोन. पहिली म्हणजे आदल्या दिवशी बेडूक धरून आणायचे आणि जिवंत राखायचे. दुसरी अडचण फेकण्याची. जिवंत बेडूक जोराने भिरकावला तर गळातून निसटतो किंवा मरतो. म्हणून लांब, लवचिक काठीने बाजूने अलगद झोका देऊन तो पाण्यात सोडावा लागे. डॉक्टर हेनशॉल यांनी १८८१ साली बासवर जे गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्यांच्या नावाची काठी सव्वाआठ फुटांची होती.

हेडनला बासच्या गळाचा नाद होता. त्याची गोष्ट डोवाजॅकमध्ये अशी सांगतात. १८९० च्या दशकातला एक दिवस. हेडन गिरणीच्या तळ्याकाठी मासेमारीच्या सोबत्याची वाट बघत बसला होता. हाताला चाळा म्हणून खिशातल्या चाकूने लाकडाचा तुकडा तासत होता. सोबती आला तसा त्याने तो तुकडा पाण्यात फेकून दिला. तुकडा पडतो न पडतो तोच खालून एक बास उसळला आणि त्याने लाकडाला अशी धडक दिली, की ते हवेत उडालं.

दुसरा कुणी असता तर हसला असता आणि घरी जाऊन गंमत सांगितली असती. हेडन विचारात पडला. लाकडाला वास नाही, चव नाही, जीव नाही. तरी माशाने हल्ला का केला? म्हणजे त्याला पोटाला काय मिळतं हा प्रश्न नंतरचा. पाण्यावर काय पडलं, कसं हललं, कसा आवाज झाला, यावर तो आधी उसळतो. माश्यांना पेटी कळते ती जागेवरून. माशाला भक्ष्य कळतं ते हालचालीवरून. दोन्हीकडे धडा एकच.

मग त्याने लाकडाचे बेडूक कोरले, त्यांना गळ लावले आणि तळ्यात फेकून बघितले. मित्रांना वाटले. सुधारत सुधारत जे आमिष ठरलं, त्याचं पेटंट त्याला १ एप्रिल १९०२ रोजी मिळालं. चार-साडेचार इंचांचा लाकडी दांडा, पुढचं टोक उतरतं आणि त्यामागे धातूची कड. ओढलं की ती कड पाणी ढकलते, बुडबुड आवाज होतो आणि लाकूड पृष्ठभागावर तरंगत राहतं. लाकडी आमिष करणारा हेडन पहिलाच होता असं नाही. त्याच्याआधीही काहींनी प्रयत्न केले होते. पण हा माल घरोघरी पोचवला तो त्याने आणि त्याच्या मुलांनी.

अंगठ्याची कला

या लाकडाने काठीही बदलली आणि फेकही. लाकूड फाटत नाही, निसटत नाही, मरत नाही. मग अलगद झोका कशाला द्यायचा? आखूड, सहा फुटांच्या आतबाहेरच्या काठीने डोक्यावरून सरळ फेकायची रीत आधीच सुरू झाली होती. वजनदार लाकडी आमिष आल्यावर ती चांगलीच रुजली. काठी खांद्यामागे न्यायची, मनगटाच्या झटक्याने पुढे आणायची आणि ती घड्याळातल्या दहाच्या काट्यावर आली की थांबवायची. बाकीचं काम आमिषाचं वजन करतं.

खरी कसोटी अंगठ्याची. त्या रिळाची मूठ एकदा फिरवली, की दोरा गुंडाळायची फिरकी चार वेळा फिरते. फेकताना हीच फिरकी भन्नाट वेगाने उलटी सुटते. आमिष पाण्यावर टेकून थांबलं आणि फिरकी फिरतच राहिली, तर दोऱ्याचा असा गुंता होतो, की सोडवता सोडवता संध्याकाळ व्हावी. म्हणून फिरकीवर अंगठा हलका टेकवून ठेवायचा आणि आमिष पाण्याला लागायच्या क्षणी दाबायचा. शिकणाऱ्याने गळ काढून, नुसतं वजन बांधून अंगणात सराव करावा हे उत्तम. हेडनच्याच भागात, कॅलमझू गावच्या विल्यम शेक्सपिअर नावाच्या माणसाने १८९० च्या दशकात दोरा फिरकीवर आपोआप सारखा पसरवणारं रीळ काढलं. नाव नाटककाराचं असलं तरी हा माणूस रिळाचाच.

काठ्यांची हकिकत तर आपल्या बुरूड मंडळींनी ऐकावी अशी. चांगली काठी तेव्हा बांबूची असे, पण सबंध नव्हे. बांबू चिरून त्याच्या पट्ट्या काढायच्या, प्रत्येक पट्टी तीन कोनांत तासायची आणि अशा सहा पट्ट्या एकत्र चिकटवायच्या. पाठीचा कडक भाग बाहेर राहिला पाहिजे, कारण बांबूचं बळ पाठीत असतं. एकोणिसाव्या शतकात हा बांबू कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेत जाई आणि त्याला कलकत्त्याचंच नाव पडलं होतं. नंतर त्याची जागा चीनच्या टोंकिन बांबूने घेतली. हेडनच्या कंपनीनेही पुढे अशा काठ्या आणि रिळं बनवली.

धंदा आणि दोष

सुरुवात घरातून झाली. मुलगा विल्यम भागीदार झाला, धाकटा चार्ल्स नंतर आला. पाठोपाठ दोन्ही टोकांना फिरक्या आणि काचेचे डोळे असलेला लाकडी मासा निघाला. त्याला डोवाजॅकचंच नाव दिलं होतं. छोट्या गावाचं नाव अमेरिकेतल्या तळ्यातळ्यावर पोचलं.

दोषही सांगायला हवा. सुरुवातीच्या काही लाकडी माशांना तिहेरी गळ पाच-पाच होते. म्हणजे एका आमिषाला पंधरा टोकं. मासा निसटू नये हा हेतू, पण लहान मासाही त्यात जायबंदी व्हायचा आणि परत सोडला तरी जगणं कठीण. पुढच्या काळात गळांची संख्या दोन-तीनवर आली, ते योग्यच झालं. ज्या पाण्यावर पोट भरतं, ते रिकामं करून धंदा टिकत नाही.

हेडन १९११ साली वारला. चार्ल्सने कारखाना मोठा केला. लाकडाच्या जागी प्लॅस्टिक आलं, बांबूच्या जागी काचतंतू आले. १९८० च्या दशकात डोवाजॅकमधलं काम थांबलं आणि नाव अर्कान्सॉ राज्यातल्या कंपनीकडे गेलं. तरी पाण्यावर वळणं घेत चालणारी हेडन नावाची आमिषं बासवाल्यांच्या पेटीत राहिली.

वाचकहो, जोडधंदा म्हटलं की आपण आधी कर्ज, अनुदान, यंत्र यांची चौकशी करतो. ती करावीच. पण हेडनच्या दोन्ही धंद्यांचं मूळ भांडवल बघा. एका ठिकाणी माशी परत कुठे येते हे त्याने पाहिलं, दुसऱ्या ठिकाणी मासा कशावर उसळतो हे. आपल्या गोठ्यात, बांधावर, विहिरीच्या कडेला अशा कितीतरी गोष्टी रोज घडतात आणि आपण त्या ओलांडून पुढे जातो. तेव्हा उद्या कुणी काठावर शांत बसलेला दिसला, तर त्याला लगेच रिकामटेकडा म्हणू नका. तो काय बघतोय, एवढं मात्र जाऊन विचारा.